चौकावरच्या बारा काचा

सूर्य सर्वांना सारखाच प्रकाश देतो.

हे वाक्य मी प्रकल्पाच्या अर्जात पहिल्याच पानावर लिहिलं होतं. दिल्लीत ते फार आवडलं, असं नंतर कळलं. लिहिलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी ट्रस्टच्या ऑफिसात दिवा लावून बसलो होतो, कारण आमच्या गल्लीत तळमजल्याच्या खोलीत अकरा वाजता दिवा लावल्याशिवाय पेनाचं टोपण सापडत नाही.

ट्रस्ट म्हणजे पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला, तीन वळणं आत असलेलं एक चार मजली यात्री-निवास. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी कुणी तरी पुण्यवंताने शंभर वर्षांपूर्वी बांधलं. मी त्याचा चिटणीस. पोटासाठी एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. चिटणीसपद वडिलांकडून आलं, जसा दमा येतो. पहिल्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड, त्यावरच्या दोन मजल्यांवर यात्रेकरूंच्या खोल्या, सगळ्यांच्या वर छत. तळमजल्यावर ऑफिस, भांड्यांची कोठी आणि प्रमोदिनीमावशी.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. चौतीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले तेव्हा ट्रस्टने त्यांना खालची एक खोली दिली आणि मदनपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या रफूगराने त्यांना रफू शिकवलं. बनारसच्या मराठी घरांत लग्नाचा शालू आईकडून लेकीकडे जातो आणि मधली वीस वर्षं ट्रंकेत कसरीला पोसतो. भोक पडलेला शालू नेसून मंगलाष्टकांना उभं राहायचं नसतं. नवा घ्यायचा तर पैसे नवऱ्याकडे मागावे लागतात. म्हणून तो शालू मावशींकडे येई. जुन्या शालूचा धागा ओढला की तुटतो, तेव्हा मावशी आपल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातल्या रेशमातून रंग जुळवत. अंजिरी, डाळिंबी, अमसुली, चिंतामणी, मोरपंखी. एकेका रंगाच्या चार-चार लड्या, एकीपेक्षा दुसरी नखभर गडद. रफू संपलं की शालू उलटा धरून त्या मालकिणीलाच विचारत, ‘‘सांगा, कुठे होतं?’’ आणि मालकिणीला सांगता येत नसे.

हे सगळं मावशी यात्री-निवासाच्या मधल्या उघड्या चौकात बुटक्या स्टुलावर बसून करत, दहा ते दोन. चौकावर पहिल्या मजल्याच्या पातळीला लोखंडी जाळी होती, माकडं खाली येऊ नयेत आणि यात्रेकरूंची पोरं खाली पडू नयेत म्हणून. त्या जाळीतून तीन मजल्यांवरचं आभाळ रुमालाएवढं दिसे, आणि तेवढ्या रुमालातून येणारा उजेड मावशींना पुरे. ‘‘दोननंतरचा उजेड खोटं बोलतो,’’ असं म्हणून त्या डबा बंद करत.

शहाण्णव सालच्या कार्तिकात अनिमेष आला. अनिमेष माझा वर्गमित्र, सोनारपुऱ्याचा बंगाली. दिल्लीत एका कार्यालयात होता. त्या कार्यालयाचं नाव इतकं लांब होतं की ते त्याच्या कार्डावर दोन ओळींत घ्यावं लागलं होतं. आमच्या ऑफिसात बसून त्याने कचोरी संपवली, बोटं पुसली आणि म्हणाला, ‘‘गुरु, एक काच आहे. काच पण आहे आणि बिजली पण बनवते. खिडकीला लावा, छपराला लावा. बाहेरच्या देशांत आता इमारतीच अशा बांधतात. नमुन्याच्या बारा आल्यात. मार्चच्या आत एखाद्या पुरातन शहरातल्या इमारतीत बसवल्या नाहीत तर परत जातील. तुम्हारे यहाँ से पुरातन और क्या है?’’

एकोणीस वर्षं मी लेक्चरर होतो. माझ्या नावावर एकच शोधनिबंध होता, आणि त्यातही माझं नाव तिसरं होतं. मी दारातून वर पाहिलं. चौकावरची जाळी मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

अर्जात एक रकाना होता: जागेवर दररोज सूर्यप्रकाश किती तास उपलब्ध असतो. इथे आमच्या घराण्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे पाच पिढ्या पंचांग होतं. काका, विश्वेश्वरशास्त्री, अजूनही हाताने गणित करतात. आमच्या घरात आकाशाचा प्रश्न निघाला की वर कुणी बघत नाही, पंचांग उघडतात. मीही उघडलं. रोजचं दिनमान घटी-पळांत दिलेलं होतं. तीनशे पासष्ट दिवसांची बेरीज केली, सरासरी काढली, तास केले, रकाना भरला: बारा तास, कंसात तीस घटी, शून्य पळं.

दिल्लीहून अनिमेषचा फोन आला. ‘‘पळापर्यंतचा आकडा कुठून आणलास? इथे साहेब खूश आहेत.’’

‘‘परंपरेतून,’’ मी म्हणालो.

दिनमानाची वार्षिक सरासरी पृथ्वीवर सगळीकडे बारा तासच असते, ध्रुवावरसुद्धा. हे भूगोलाच्या शाळेतल्या पुस्तकात आहे. शिवाय सूर्य क्षितिजावर आला म्हणजे आमच्या चौकात आला असं नाही, हे समजायला पुस्तकही लागत नाही. पण साहेब खूश होते.

दुसरा रकाना होता पारदर्शकतेचा. काचेबरोबर आलेल्या पत्रकात आकडा छापलेला होता: बारा टक्के. म्हणजे शंभरातले बारा भाग उजेड खाली जाणार, तोही विटकरी होऊन, बाकीचा काच ठेवून घेणार. मी रकान्यात लिहिलं, ‘अर्धपारदर्शक’. बारा टक्के म्हणजे अर्धं नव्हे, हे मी मुलांना शिकवतो.

मग राहिली रहिवाशांची संमती. मी मावशींकडे गेलो. त्या एका शालूच्या पदरात मान घालून बसल्या होत्या.

‘‘मावशी, चौकावर काच बसवायची म्हणतोय. पाऊस येणार नाही, कबुतरांची घाण येणार नाही, आणि वर बिजली मिळेल.’’

‘‘कबुतरांचं बरं होईल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘परवा पटवर्धनांच्या शेल्यावरच केलं मेल्याने. पण उजेड?’’

‘‘काचच आहे ती.’’

‘‘आणि उन्हावर चालते ना? मग वर छतावर का नाही लावत? तिथे मिरच्या दोन दिवसांत वाळतात.’’

मी हसलो. ते हसू मला अजून आठवतं. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाने प्रश्न विचारला की मी तसं हसतो. ‘‘मावशी, छतावर लावली तर ते नुसतं पॅनेल झालं. तशी पॅनेलं कुणीही लावतं. इथे लावली की इमारतच बिजली तयार करते. रचनेचाच भाग. यावर निबंध होऊ शकतो.’’

‘‘इमारतीला काय करायचीय बिजली,’’ असं पुटपुटत त्यांनी सही केली. ‘‘तू शिकलेला आहेस. तू म्हणतोस तर असेल.’’

संध्याकाळी पद्माने, म्हणजे माझ्या बायकोने, कणीक मळता मळता विचारलं, ‘‘अहो, पण आपल्याकडे अंधार नाही ना व्हायचा?’’

‘‘आपण काचेच्या वर आहोत.’’

तिचा हात थांबला. ‘‘हं,’’ म्हणाली, आणि परत मळायला लागली.

मार्चमध्ये काचा आल्या, जाळीवर चौकट ठोकून बसवल्या, तारा खाली आणल्या, एक बॅटरी आणि एक छोटी ट्यूब लावली. उद्घाटन पाडव्याला, आठ एप्रिलला. काकांनी गुढीपुढे पंचांग वाचलं, वर्षाचा राजा कोण, मंत्री कोण, पाऊस किती. मग मी बटण दाबलं आणि ट्यूब लागली. टाळ्या वाजल्या. बॅटरी मी आदल्या दिवशी मैदागिनच्या स्कूटर मेकॅनिककडून भरून आणली होती. त्या दिवशी ऊन काचेच्या उत्तरेकडच्या कडेला बाराच्या सुमारास लागलं आणि सात मिनिटांत भिंतीवर चढून गेलं. ते बघायला तोवर कुणी थांबलं नव्हतं. सगळे श्रीखंडाला गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून मावशी विटकरी उजेडात बसू लागल्या. चौक असा दिसे, जसा चहा गाळण्यातून दिसावा. मग दिवसाच ट्यूब लावायची वेळ आली. काचेची जी काय वीज होई ती काचेने केलेला अंधार घालवायला लागे, आणि तीही अकरापर्यंत संपे.

‘‘नीलू, ही काच धुवायची असते का रे?’’ मावशींनी एकदा विचारलं.

‘‘धुतो,’’ मी म्हणालो, आणि खरंच धुतली. त्याने काही व्हायचं नव्हतं हे मला ठाऊक होतं. वरून आमच्या खिडकीतून बघताना मात्र ती छान चमकली.

वैशाखात लतिकाबाईंच्या देवश्रीचं लग्न होतं. लतिकाबाई बँकवाल्यांच्या, लहुराबीरला राहत. त्यांच्या सासूबाईंचा मोरपंखी शालू होता, पाच ठिकाणी कसरीने खाल्लेला. मावशींनी बारा दिवस लावले. लतिकाबाई घेऊन गेल्या, आणि अर्ध्या तासात गल्लीच्या तोंडावरून परत आल्या. मी कॉलेजातून येत होतो, हातात भाजीची पिशवी होती, त्यामुळे मला दारातच उभं राहावं लागलं.

‘‘प्रमोदिनीताई, हे काय केलंत?’’

‘‘काय झालं?’’

‘‘इथे काय दाखवू, बाहेर या. उजेडात या.’’

उजेडात या, असं त्या म्हणाल्या. तिथल्या तिघांपैकी एकालाच त्याचा अर्थ कळला, आणि त्याच्या हातात भाजीची पिशवी होती.

गल्ली जिथे वळते तिथे वरून थोडं ऊन पडतं. लतिकाबाईंनी शालू तिथे उलगडला. निळसर मोरपंखीवर पाच हिरवी बेटं. वीण अशी की बोट फिरवलं तर भोक कुठे होतं ते कळू नये. पण डोळ्यांना पाच पावलांवरून दिसावं. विटकरी उजेडात निळा आणि हिरवा दोन्ही एकाच काळपट रंगाचे होतात. अकरावीच्या पुस्तकात आहे.

मावशी शालूकडे बघत राहिल्या. मग डोळे चोळले आणि परत बघितलं.

‘‘वय झालंय तर सांगायचं होतं,’’ लतिकाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना रडू येत होतं. ‘‘मी मदनपुऱ्यात दिला असता. आता अकरा दिवसांवर लग्न आहे.’’

‘‘मी उसवून परत करून देते.’’

‘‘राहू द्या. तुम्हाला दिसत नाही तर परत तेच होणार. देवश्रीला नवा घेऊ. हा राहू दे इथेच.’’ जाताना त्या माझ्याकडे वळल्या. ‘‘नीलकंठराव, डोळे तपासून आणा त्यांचे. तुम्ही एवढं करा.’’

मी काही तरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, ‘‘यंदा उन्हाळा फार आहे.’’

दुसऱ्या दिवशी मी मावशींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. रांगेत दोन तास बसलो. त्या रांगेत बसून मी मनात वाक्य तयार करत होतो, ‘मावशी, डोळे नाहीत, काच आहे,’ एवढंच. पाच शब्दांचं वाक्य, पण पुढे लगेच प्रश्न येणार होता, तुला कधी कळलं. आणि अनिमेषला अहवाल जायचा होता, निबंधाचं नाव ठरलं होतं. नाव चांगलं होतं.

डॉक्टरने दूरचं वाचायला लावलं, जवळचं वाचायला लावलं, मग रंगीत ठिपक्यांची पुस्तिका काढली. मावशींनी ठिपक्यांतले आकडे धडाधड सांगितले. दोन पानांवर मी अजून शोधत होतो.

‘‘माताजी की आँखें आपसे अच्छी हैं,’’ डॉक्टर मला म्हणाला.

परतताना आम्ही सायकलरिक्षा केली. बाजाराजवळ गर्दीत रिक्षा अडली तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘‘डोळे चांगले आहेत. म्हणजे नीलू, माझं डोकं चाललंय. माझ्या आईचं असंच झालं होतं. ती मीठ म्हणून साखर घालायची.’’

‘‘छे हो, मावशी.’’

‘‘मग काय असेल?’’

रिक्षा सुटली. ‘‘दुसऱ्या डॉक्टरला दाखवू,’’ मी म्हणालो.

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो आहे, बहुतेक अर्जांत. हे खोटं नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरला खरंच दाखवता आलं असतं.

घरी पद्माने विचारलं, ‘‘काय म्हणाले?’’ मी सांगितलं. ती म्हणाली, ‘‘आणि तुम्ही काय म्हणालात?’’ मी तेही सांगितलं. त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी फक्त ‘जेवायला वाढलंय’ एवढंच बोलली, आणि एकदा तेही बोलली नाही, नुसतं वाढलं.

तिसऱ्या दिवशी मावशींनी रेशमाचा डबा देऊन टाकायचं ठरवलं, रफू शिकवणाऱ्या त्यांच्या उस्तादाच्या सुनेला. मात्र देण्याआधी लड्यांना ऊन दाखवायला हवं होतं. कुणाला वस्तू द्यायची तर बरोबर कसर का द्यायची. म्हणून त्या गुडघ्यांना हात लावत, चौसष्ट पायऱ्या चढून छतावर गेल्या. सकाळचे नऊ वाजले होते. थोड्या वेळाने वरून हाक आली.

‘‘नीलू. वर ये.’’

छतावर ऊन सगळीकडे सांडलं होतं. यात्रेकरूंची धोतरं तारेवर होती, खाली गंगा लखलखत होती. मावशींनी चटईवर लड्या मांडल्या होत्या. मोरपंखीच्या जागेतून त्यांनी एक काढली.

‘‘हा कुठला रंग?’’

‘‘हिरवा.’’

‘‘आणि हा?’’

‘‘मोरपंखी.’’

‘‘खाली चल.’’

त्यांनी त्या दोन लड्या पदरात धरल्या आणि चौसष्ट पायऱ्या परत उतरल्या. मी मागून. चौकात काचेखाली उभ्या राहून त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

‘‘आता सांग.’’

दोन्ही हातांत गाळलेल्या चहाचा रंग होता.

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘हो.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘अर्ज भरला तेव्हापासून.’’

त्यांनी लड्या नीट गुंडाळल्या. वेळ घेऊन गुंडाळल्या, कारण कुठली कुठे जायची ते आता तिथे दिसत नव्हतं. ‘‘डॉक्टरकडे तूच होतास ना रे बरोबर?’’

‘‘होतो.’’

‘‘आणि रिक्षात?’’

‘‘तेव्हाही.’’

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या. एखाद्याने पत्ता सांगावा आणि आपण ऐकून घ्यावा तसं. मग म्हणाल्या, ‘‘लतिकाला सांगून ये. पायी जा.’’

लहुराबीरपर्यंत वैशाखाच्या उन्हात मी पायी गेलो. त्या दिवशी बारा तासांपैकी निदान अर्धा तास तरी सूर्यप्रकाश मला पूर्ण उपलब्ध झाला. लतिकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि विचारलं, ‘‘मग काच काढत का नाही?’’

‘‘तीन वर्षांचा करार आहे.’’

‘‘कुणाशी?’’

‘‘दिल्लीशी.’’

‘‘अच्छा,’’ त्या म्हणाल्या. मग पेला परत घेत, ‘‘त्या बिचारीला मी वयावरून बोलले, आणि तुम्ही शेजारी भेंडी घेऊन उभे होता.’’

भेंडी नव्हती, परवर होते. मी सांगितलं नाही.

मावशींनी छतावर बसून आठ दिवसांत पाचही बेटं उसवली आणि नव्याने भरली. देवश्री तोच शालू नेसली. मंगलाष्टकांना मी पुरुषांच्या बाजूला उभा राहून तो शालू शोधत होतो, म्हणजे त्यातली भोकं. सापडली नाहीत. कुणी काही म्हणालं नाही. रफूचं कौतुक एवढंच असतं. मावशी पंगतीत लतिकाबाईंच्या शेजारी बसल्या आणि दोन जिलब्या जास्त घेतल्या.

अहवाल मी पाठवला. त्यात एक ओळ आहे: ‘एका रहिवाशाने रंगछटेबाबत अभिप्राय नोंदवला.’ ती ओळ मी तीनदा खोडून परत लिहिली, आणि शेवटी जी गेली ती हीच. निबंध छापून आला, माझं नाव पहिलं आहे. पद्माने तो स्वयंपाकघरात फडताळावर अंथरलाय, वर डबे ठेवलेत. नावाची बाजू खाली.

सप्टेंबरात चौकात ऊन उतरायचं पूर्ण थांबलं. दर वर्षी थांबतं, पुढच्या एप्रिलपर्यंत. पंचांगात तशी नोंद नसते. बॅटरी दिवाळीच्या आधी बसली आणि ट्यूबला मुख्य लाइनवर घेतलं, त्यामुळे आता ती चांगली चालते, बिजली असेल तेव्हा.

रोज सकाळी मी बुटकं स्टूल आणि बिस्किटांचा डबा घेऊन चौसष्ट पायऱ्या चढतो. मावशी मागून भिंतीला धरून येतात, मधल्या दोन मजल्यांवर थांबतात. कॉलेजची वेळ होईपर्यंत मी माकडांसाठी काठी घेऊन बसतो. एकदा अनिमेष पाहणीला आला होता, तो वर येऊन आमच्याजवळ उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘गुरु, धूप तो यहाँ है.’’ मावशींनी मान वर केली नाही. सुईत धागा ओवत होत्या.

तो गेल्यावर मी खालून टेप आणून छत मोजलं. धोतरांच्या तारा आणि मावशींचं स्टूल सोडून तिथे बारा काचा मावतात.